वाहन : बेडूक

पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक वाहन दिलेलं असतं. घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती. मृगापासून पुढे जो तो आपापलं जनावर घेऊन येतो. आमची आजी मे महिन्यात जेवणं उरकली की चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून त्या पानावर बोट ठेवायची. बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला की समाधानाने मान हलवायची; गाढव निघालं की पंचांगकर्त्याबद्दलच तिला शंका यायची. त्यामुळे पावसाला वाहन असतं हे मला अक्षरओळखीच्याही आधीपासून माहीत होतं. वाहनालाही पाऊस असू शकतो, हे कळायला मात्र वयाची चौपन्न वर्षं आणि मँचेस्टरमधली एक ओली सकाळ खर्ची पडली. त्या सकाळी मी गाडी काढली, गल्लीच्या टोकाला ब्रेक दाबला, आणि सीटखालून कुणी कमंडलू कलंडावा तसं गार पाणी येऊन माझ्या मोज्यांना भेटलं. बाहेर ऊन पडलं होतं. पाऊस रात्रीच येऊन, आत बसून, माझी वाट बघत होता.

गाडी उघड्या टपाची. जपानी, दोन माणसांपुरती, २००१ सालची, आणि माझ्याकडे येण्याआधी तिने तीन मालक बघितलेले. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण या गोष्टीत त्या बिचारीचा काहीच दोष नाही. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेली त्याच वर्षी ती मी घेतली. बायको गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून आली आणि म्हणाली, “मागच्या सीटवर बसणारं कुणी राहिलं नाही, म्हणून तुम्ही सीटच काढून टाकली की काय?” मी म्हटलं, अगं, ही गाडी हवा खायला. तिने आभाळाकडे एकदा पाहिलं. मँचेस्टरच्या आभाळाकडे पाहिलं की वेगळं काही बोलावं लागत नाही.

या शहराला उगाच बदनाम केलं आहे, असं मी आल्यागेल्याला सांगत असतो. इथे वर्षाकाठी पडतो तो पाऊस आठशे-साडेआठशे मिलिमीटर. रत्नागिरीकर तेवढ्यावर नांगरही बाहेर काढणार नाही. त्याच्याकडे तीन हजारांच्या वर पडतो. लंडनचा वर्षाचा पाऊस तर सहाशेच्या आसपास, म्हणजे पुण्यापेक्षाही कमी, हे ऐकून पुणेकरांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते बघण्यासारखं असतं. आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर मोजला होता. मँचेस्टरला तेवढं भिजायला सगळं वर्ष पुरत नाही. फरक आहे तो वागण्यात. आपला पाऊस जावयासारखा येतो, वाजत गाजत, चार महिने पाहुणचार घेतो आणि जातो. इथला पाऊस घरात राहणाऱ्या विधुर मामासारखा. कधी आला, कधी गेला, कुणाच्या लक्षात येत नाही. पण खुर्ची कायम ओलसर. आणि अशा देशात माणसांना उघड्या टपाच्या गाड्यांचं विलक्षण वेड! ऊन पडल्याची नुसती अफवा उठली तरी रस्त्यावर पटापट टप मागे पडतात, आणि गळ्याला मफलर गुंडाळलेली, नाकं लाल झालेली माणसं उन्हाळा साजरा करत सिग्नलला उभी राहतात. आशावाद या गोष्टीचा पुतळा उभारायची वेळ आलीच, तर तो मफलर घातलेला असावा.

तशी माझी आणि टपाची ओळख जुनी. या असल्या गाड्यांना कॅब्रिओले म्हणतात. मूळ शब्द घोड्याच्या एका हलक्या फ्रेंच गाडीचा. ती इतकी उसळायची की बोकडाच्या उडीवरून तिला हे नाव पडलं. पुढे लंडनकरांनी त्याची शेपटी छाटून ‘कॅब’ केलं, आणि आज दादरला फोनवरून आपण जी बोलावतो ती कॅब म्हणजे त्या बोकडाचं करडू आहे. मुंबईतली व्हिक्टोरिया त्याच गोत्रातली. सत्तरच्या दशकात काकांनी मला एकदा तिच्यात बसवलं होतं, तेव्हाच पावसाची सर आली. गाडीवानाने मागे वळून न बघता हात लांबवला आणि काळा टप आमच्या डोक्यावर पुढे ओढला, एखाद्या आईने झोपेतच पोराच्या अंगावर पांघरूण सरकवावं तसा. टपाच्या कडेवरून थेंबांची झालर लोंबत होती, घोडा आनंदाने भिजत होता, आणि आतमध्ये ओल्या कातड्याचा, चंदीचा आणि काकांच्या तपकिरीचा एक संमिश्र वास कोंडला होता. न्यायालयाच्या २०१५ च्या निकालानंतर त्या गाड्या गेल्या, घोड्यांच्या दृष्टीने बरंच झालं. माझ्या नाकात मात्र तो वास राहून गेला, आणि मला वाटतं, पन्नाशीनंतर ही गाडी माझ्या नाकानेच विकत घेतली.

तर पाणी. संशय घ्यायला माणूस नेहमी वरून सुरुवात करतो. मी टपाच्या कापडावर संशय घेतला. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार, असं आपण म्हणतो. पण माझं आभाळ जेमतेम दीड मीटर रुंद होतं, त्यामुळे मला हुरूप होता. स्टुलावर उभा राहून मी ते कापड इंचाइंचाने तपासलं. हे कापड एकेरी नसतं. वर विणलेलं कापड, मध्ये रबराचा थर, खाली पुन्हा कापड. दोन कापडांच्या पोटात रबर घालण्याची ही युक्ती ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशची. कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या नॅफ्थ्यात रबर विरघळतं हे त्याच्या ध्यानात आलं, त्याने १८२३ साली पेटंट घेतलं, आणि त्या कापडाचा कारखाना काढला तो आमच्या मँचेस्टरात. सुताची काशी इथेच, म्हणून. (इचलकरंजीला आपण महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतो, मी इथल्या लोकांना आपलं गाव ग्रेट ब्रिटनचं इचलकरंजी आहे असं सांगून पाहिलं, त्यांना विशेष आनंद झाला नाही.) त्याचे पहिले रेनकोट म्हणे थंडीत पत्र्यासारखे ताठ व्हायचे, उन्हात चिकट, आणि वास असा की कोट घातलेल्या माणसाला पाऊस नसतानाही रस्ता मोकळा मिळावा. माझा टप त्या कोटाचा पणतू. पावसाळी फवाऱ्याच्या दोन बाटल्या मी त्याला पाजल्या. पुढच्या पावसात थेंब त्याच्यावरून मोत्यांसारखे घरंगळले, इतके सुंदर की मी खिडकीतून बघत उभा राहिलो. सकाळी गाडीत तेवढंच पाणी होतं.

मग रबरं. काचेच्या वरच्या चौकटीला टप जिथे बिलगतो तिथलं रबर, खिडक्यांच्या कडांची रबरं, दारांची रबरं. उघड्या गाडीच्या खिडकीला स्वतःची चौकट नसते. काच वर जाते ती थेट टपाच्या रबरात डोकं खुपसते, आणि दोघांची मनं जुळली तरच पाऊस बाहेर राहतो. ती जुळली आहेत का हे बघायची रीत मोठी सोपी आहे. काच वर करताना मध्ये कागदाची पट्टी धरायची आणि मग हलकेच ओढायची. अडकली तर संसार ठीक. सुळकन हातात आली तर तिथे फट आहे. मी सगळ्या कडांना पट्ट्या लावून ओढत बसलो होतो तेव्हा रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईंनी मला पार्किंगचा दंड झालाय असं समजून सहानुभूती दाखवली. दोन ठिकाणी पट्टी सुटली. टपाच्या खिट्ट्या एकेक आटा आवळल्या, रबरांना सिलिकॉनचं ग्रीस चोळलं. आजी संक्रांतीनंतर आमच्या टाचांना आमसुलाचं तेल चोळायची त्याच हाताने, म्हणजे लाडाने आणि थोड्या जबरदस्तीने.

पाणी कमी झालं नाही. तेव्हा माझ्या हातून ती चूक झाली, जी प्रत्येक घाबरलेल्या माणसाच्या हातून होते. मी दिसेल ते बुजवायला लागलो. सिलिकॉनची नळी आणि ती दाबायची बंदूक घेऊन मी गाडीभोवती फिरलो, आणि दाराच्या तळाशी मला तीन भोकं दिसली. भोकं! इतके दिवस मी आभाळ तपासतोय आणि ही इथे उघडी तोंडं करून बसली आहेत! मी ती मोठ्या समाधानाने लिंपली. आठवड्याने दार उघडलं तर आतून आवाज आला, खळखळ. दार लावलं, पुन्हा खळखळ. शहाळं कानाशी हलवून बघावं तसं मी दार चार वेळा हलवून बघितलं. नंतर समजलं की दाराच्या पोटात पाऊस जातोच. काचेच्या फटीतून तो उतरतो, काचेवरून खाली ओघळतो आणि तळाच्या भोकांतून निमूट निघून जातो. जगातली प्रत्येक मोटार, अगदी पक्क्या टपाचीसुद्धा, पावसाळ्यात दारोदार अशी झिरपत असते. मी त्याची बाहेर पडायची वाट बंद करून त्याला आत कोंडला होता. बायकोने नखाने सिलिकॉन काढलं. दोन्ही दारांनी मिळून माझ्या चपला भिजवल्या.

आमचं संगमेश्वराकडचं घर नळीच्या कौलांचं होतं. वैशाखात ते शाकारायला माणसं यायची, कारण वर्षभर माकडं आणि मांजरं कौलांवर आपापले कार्यक्रम करून गेलेली असत. आजीची तयारी आधीपासून चालू असे. भर दुपारी, सगळे झोपलेले असताना, ती माजघरात हिंडून जमिनीवर पडलेले कवडसे मोजायची. कवडसा दिसला की त्याच्या कडेने चुन्याचं बोट ओढायची. आम्हा पोरांना ती सोन्याची नाणी वाटत. तिला ते पुढच्या महिन्यातले थेंब दिसत. पण कवडसा जिथे पडतो तिथेच वर भोक असतं असं नाही. सूर्य तिरपा असतो. आणि पाणी तर त्याहून तिरपं. ते कौलातून आत शिरतं, वाशाला धरून खाली सरकतं, रिपेवर विसावा घेतं, मग दुसराच वासा पकडतं, आणि देवघराच्या वर शिरलेला थेंब न्हाणीच्या दारात पडतो. म्हणून शाकारणीला दोन माणसं लागत, एक वर आणि एक आत. आजी आतून लांब काठीने कौलाला ढोसायची. वरचा गडी ओरडायचा, “हितं का?” आजी म्हणायची, “नाही, जरा वर.” “हितं?” “जरा डावीकडे. तुझ्या डावीकडे नव्हे, माझ्या.” एकमेकांना न दिसणाऱ्या दोन माणसांचं एका कौलाबद्दलचं ते संभाषण तासन् तास चालायचं, आणि त्यांच्यामध्ये काठीचं टोक तेवढं हलत असायचं, एखाद्या मुक्या दुभाष्यासारखं.

ही तिरपी चाल ओळखायची तर मला वाटतं दाताचा डॉक्टर हवा. कीड दाढेला आणि ठणका कानात, हे त्याच्या रोजच्या पाहण्यातलं. बायको मधूनच म्हणायची, “त्यापेक्षा ती पत्र्याचा टप घडी होऊन डिकीत जाते तसली घ्यायची होती.” त्या घडीच्या टपामागे खरोखरच एक दाताचा डॉक्टर आहे. जॉर्ज पोलँ, फ्रान्सचा. दिवसा दाढा बघायचा आणि फावल्या वेळात गाड्यांची चित्रं काढायचा. त्याच्या कल्पनेवरून प्यूजोने १९३४ साली आख्खा पत्र्याचा टप शेपटीत मिटवून घेणारी गाडी बाजारात आणली. तिचं नाव ‘एक्लिप्स’, म्हणजे ग्रहण. पुढे युद्धात तो ब्रिटिशांसाठी गुप्त माहिती मिळवू लागला, पकडला गेला, आणि १९४२ साली जर्मनांनी त्याला गोळ्या घातल्या. मी हे बायकोला सांगितलं तेव्हा ती हातातला कपडा तसाच धरून थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “त्याचा टप गळायचा का हो?” गळत असणार. रबरं आली की गळती आलीच.

शेवटी आम्हीही दोघं कामाला लागलो, एक वर आणि एक आत. शनिवारची सकाळ होती. सगळ्या रबरांवर मी टाल्कम पावडर भुरभुरवली. पाणी शिरलं की पावडरीत त्याची वाट उमटते. गाडी आतून अशी दिसत होती की वसुबारसेला रांगोळी घालायला घेतली आणि हात थरथरले. मी विजेरी घेऊन आत बसलो, टप लावला, काचा चढवल्या. बायको बाहेर बागेचा पाइप घेऊन उभी. नियम असा की खालून वर जायचं, एका वेळी एकच जागा भिजवायची, आणि प्रत्येक जागेला पाच मिनिटं द्यायची. घाई करून वरूनच धार सोडली तर सगळीकडून एकदम ओघळ येतात आणि चोर गर्दीत मिसळतो. तिने नियम पाळला. काचेवरून पाणी वाहत होतं आणि त्यापलीकडे तिचा चेहरा कधी लांब, कधी रुंद, कधी दोन होत होता. ती काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, “काय?” तिने पाइप दुसऱ्या हातात घेऊन खिडकीवर टकटक केलं आणि ओठ मोठे करून पुन्हा म्हणाली. मला वाटलं, ‘गळतंय का?’ मी मान हलवली. ती घरात गेली. दहा मिनिटांनी चहाचा कप घेऊन आली तेव्हा कळलं की प्रश्न काय होता. टपाखाली, पाण्याच्या पडद्याआड, पावडरीच्या वासात मी तो चहा प्यायलो. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. इतका वेळ सलग एकमेकांकडे आम्ही बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

रबरं सगळी कोरडी निघाली. एकाही वाटेवर पावडर ओली झाली नाही. आणि तरीही मी उतरताना पाय टाकला तो पचकन. गालिचा वरून कोरडा असतो, तेच त्याचं कपट. त्याच्या खाली बोटभर जाडीचा स्पंज असतो, तो पाणी पिऊन साळसूदपणे बसतो, आणि पाय पडला की कबुली देतो. पाणी आलं होतं, पण कुठून? तेव्हा बायको स्वयंपाकघरात गेली आणि झारीत चमचाभर हळद कालवून घेऊन आली. इतरांना असल्या वेळी खायचा रंग सुचतो; तिला हळद सुचली. तिने ती झारी सावकाश मागच्या काचेवरून ओतली. आम्ही दोघं सीट पुढे सरकवून, डोक्याला डोकं लावून, विजेरीच्या उजेडात वाकून बघत होतो. तीन-चार मिनिटांनी सीटच्या मागून एक पिवळी रेघ निघाली, अगदी बारीक, आणि वळण घेत गालिचाखाली शिरली. त्या गालिच्यावरचा डाग अजून आहे. गाडीला हळद लागली, असं बायको येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगते.

शेजारी एक म्हातारबाबा राहतात. ऐंशीच्या घरातले, आणि उभ्या आयुष्यात एकदाही पक्क्या टपाची गाडी न घेतलेले. कुणाच्या सांधेदुखीची चौकशी करावी तशी ते रोज कुंपणापलीकडून माझ्या गाडीची चौकशी करत. हळदीची गोष्ट ऐकल्यावर ते काही न बोलता घरात गेले आणि हातात एक पांढरी, लवचिक, गुंडाळलेली वस्तू घेऊन बाहेर आले. मी बघतच राहिलो. पडद्याची स्प्रिंग! आमच्या घरी प्रत्येक खिडकीला हीच, दोन टोकांना आकडे, आणि मध्ये पडदा नेहमी लोंबलेला. बाबांनी सीटमागचा गालिचा उचलला, माझा हात धरला आणि आंधळ्याला देवाच्या पायांवर हात ठेवायला शिकवावं तसा खाली नेला. टपाच्या मागच्या कडेखाली, सीटच्या पाठीमागे, आडवी पन्हळ होती. मला पत्ताच नव्हता. टपावर पडून मागे ओघळलेलं पाणी या पन्हळीत येतं, दोन टोकांना जातं, तिथे एकेक भोक, भोकाला नळी, आणि नळीचं तोंड मागच्या चाकाच्या पुढे, गाडीच्या पोटाखाली. ही गाडी पाण्याला आत घेतेच. ते अडवायचा प्रयत्नच तिने केलेला नाही. आमच्या घराची वळचण तिने पोटात घातली होती इतकंच.

आणि माझी मोरी तुंबली होती. गाडी मी सिकॅमोरच्या झाडाखाली लावतो. शरद ऋतूत त्याची बी पंख लावून गरगरत खाली येते, शाळेतल्या मुलांनी कागदाची भिरभिरी सोडावीत तशी. मला तो देखावा फार आवडायचा. ती भिरभिरी, पानांचा चुरा, थोडी माती आणि टपाचं सुटलेलं सूत, असा एक गच्च लाडू त्या भोकात बसला होता. बाबा म्हणाले, जोर करू नकोस, हवाही मारू नकोस, खालची नळी निसटली तर मग रडत बसशील. स्प्रिंग हळूहळू फिरवत, मागेपुढे करत, मी ती आत सोडत होतो आणि बायको जमिनीवर आडवी होऊन गाडीखाली बघत होती. “आलं का?” “नाही.” “आता?” “जरा थांबा.” कधीतरी स्प्रिंगच्या टोकाला काहीतरी मऊ सुटल्यासारखं वाटलं. गाडीच्या पोटात गुळगुळ झाली आणि तिने रस्त्यावर एक लांब, तपकिरी चूळ टाकली. बायको ओरडून बाजूला झाली. बाबांनी टोपी काढली. महिनाभर भोकं बुजवत हिंडलो होतो, आणि अखेर गळती थांबली ती एक भोक मोकळं करून.

पुढचे आठ दिवस आमच्या घरात गालिचा राहायला होता. जिन्याच्या कठड्यावर तो लोंबत असे, आणि स्पंज न्हाणीघरातल्या टबात. मी तो पायांनी तुडवून पिळला; पाणी मगाने मोजलं, अकरा मग. घराला वास सुटला, कुबट, ओलसर, जुन्या छत्रीच्या आत राहायला गेल्यासारखा. बायको उदबत्त्यांचा एक पुडा संपवून बसली. बाबांनी मला गाडीचे उंबरठेही ठोकून बघायला सांगितलं. दाराखालच्या त्या पोकळ पट्ट्यांत पाणी साचलं की त्या आतून गंजतात, वरून रंग शाबूत आणि आत नुसतं पीठ, आणि दर वर्षीच्या तपासणीत गाडी तिथेच नापास होते. उजवा उंबरठा खणखणीत वाजला. डावा थोडा विचारात पडल्यासारखा. त्याचं पुढे बघू. स्पंजाच्या मागच्या कोपऱ्यात मात्र एक भिरभिरं रुजलेलं सापडलं, उजेड न बघितलेला पांढराफटक अंकुर, बोटभर लांब. टाकून द्यायला कुणाचाच हात होईना. बायकोने ते खिडकीतल्या तुळशीच्या शेजारी एका डब्यात लावलं. त्याला दोन पानं आली आहेत. इथल्या माळ्याला विचाराल तर ते तण आहे.

परवा जुलैत गावाहून काकांचा व्हिडिओ कॉल आला. नळीची कौलं उतरवून त्या घरावर स्लॅब टाकला त्याला आता पंधरा वर्षं होतील. शाकारणारी माणसं मिळत नाहीत आणि माकडं मात्र मिळतात, असा त्यांचा हिशेब होता. “तुझ्या गाडीचं गळणं थांबलं म्हणे,” काका म्हणाले. मी म्हटलं, थांबलं. “इथे बघ.” त्यांनी फोन छताकडे वळवला. पांढऱ्या रंगावर ओलीचा एक मोठा नकाशा पसरला होता आणि त्याच्या दक्षिण टोकाला एक थेंब लोंबत होता, पडू की नको अशा विचारात. खाली पातेलं. “दोनदा वॉटरप्रूफिंग केलं,” काका म्हणाले, “हजारो रुपये गेले, आणि इथेच गळतंय बघ, बरोबर इथे.” त्यांनी कोपऱ्यातली काठी घेतली आणि थेंबाजवळ ढोसलं. फोन हलला. मला क्षणभर त्यांची काठी, ट्यूबलाइट, देवाची तसबीर असं सगळं गरगरताना दिसलं. “काका, तिथे नसणार,” मी म्हटलं. “गच्चीवरची पावसाची नळी बघितलीत का? फणसाची पानं बसली असतील तिच्यात. जोर करू नका. घरात पडद्याची स्प्रिंग आहे का एखादी?”

काका थोडा वेळ इकडेतिकडे बघत राहिले. पातेल्यात थेंब पडल्याचा आवाज मला मँचेस्टरात ऐकू आला.

“आहे रे,” ते म्हणाले, “पण तिच्यावर पडदा आहे.”